नाडी शांत, म्हणून अपात्र

महानंदा निलंगेचा मेंदू झिजत चाललाय, असं यंत्रानं दोन मिनिटं चाळीस सेकंदांत ठरवलं. त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांत तिनं एकही चूक केली नव्हती. पण तिला ते विचारतो कोण!

बोटाला टोपण, दंडाला पट्टा, गळ्याशी एक चिकटपट्टी लावून तिला खुर्चीत बसवलं होतं. समोरच्या पडद्यातून एका बाईचा कोरडा आवाज आला, "एक हजार बावीसमधून तेरा वजा करा. आलेल्या उत्तरातून पुन्हा तेरा वजा करा. थांबू नका. तुमचं परीक्षण चालू आहे."

महानंदानं सुरुवात केली. एक हजार नऊ, नऊशे शहाण्णव, नऊशे त्र्याऐंशी, नऊशे सत्तर. भाजी निवडता निवडता शेजारणीशी बोलावं तशी ती बोलत होती. काचेपलीकडे बाकावर तिचा भाऊ बसला होता, त्याला तिनं मधेच हात केला आणि आकडे चालूच ठेवले. पाचशे चोपन्नाला आल्यावर तिला कंटाळा आला.

"ताई, हे अठ्ठ्याहत्तर वेळा वजा होतंय आन् शेवटाला आठ उरतात," ती पडद्याला म्हणाली. "सगळंच म्हणत बसू का?"

पडदा काहीच बोलला नाही. उत्तर चुकलं तरच त्या आवाजानं दरडावायचं होतं, 'चूक. पुन्हा पहिल्यापासून.' ती चुकलीच नाही, म्हणून आवाज मुका बसून राहिला. मग छापील कागद बाहेर आला. मेंदूस्वास्थ्य केंद्रातली तंत्रज्ञ आरिफा शेख तो देताना महानंदाकडे बघत नव्हती.

ताणाला हृदयाचा प्रतिसाद: अतिमंद. मेंदूच्या ऱ्हासाची जोखीम: गंभीर. पालकत्वास: तात्पुरती अपात्र.

साल होतं दोन हजार सदतीस. महानंदा साठीची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. उदगीरला शिकवण्यांसाठी येणाऱ्या चाळीस मुलांचे दोन वेळचे डबे ती करायची आणि सेहेचाळीस वर्षांच्या बसवराजला सांभाळायची. बसू जन्मला तोच एक गुणसूत्र जास्तीचं घेऊन. आई-वडील गेल्यावर कायद्यानं त्याची पालक महानंदाच. डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवणं हे त्याचं काम, आणि दुपारी बसस्टँडवर जाऊन गाड्यांच्या घोषणा ऐकणं हा त्याचा शौक. माईकवरचा माणूस कागदावरून वाचतो आणि तशीच गाडी येते, हे तीस वर्षं बघून त्याची खात्री झाली होती की कागदावरून वाचलेलं कधी खोटं नसतं.

आता यंत्रामागचं शास्त्र. ते खोटं नव्हतं, हे आधीच सांगायला हवं, नाहीतर राग चुकीच्या माणसांवर जाईल. मनावर ताण आला की मेंदूच्या आत, धोका ओळखणारे काही भाग जागे होतात. ते नसांवाटे निरोप धाडतात. मग काळीज जोरात पळू लागतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. प्रसंग टळला की मानेतून खाली उतरणारी दुसरी नस लगाम खेचते आणि सगळं निवतं. हा चढ-उतार कागदावर काढला की मेंदू आणि हृदय यांचं आपसातलं बोलणं कसं चाललंय ते दिसतं. चढ दरवेळी फारच मोठा असेल, तर मेंदूतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या ते धक्के वर्षानुवर्षं सोसून ठिसूळ होतात. हे कुणालाही पटतं. पण हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासल्यावर उलटंही दिसलं. ताण आला तरी ज्यांचं काळीज जागचं हलत नाही, त्यांच्यात पुढं स्मरणशक्ती ढासळण्याचं प्रमाण थोडं जास्त निघालं. कदाचित निरोप धाडणारे भागच सुस्त झालेले असतात.

थोडं जास्त, हजारोंमध्ये, आणि कदाचित. हे सगळं संशोधकांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं. आणखीही एक लिहिलं होतं: ज्याला ताण द्यायचा, त्याला तो ताण वाटला पाहिजे. यंत्र विकणाऱ्यांनी एवढं गाळलं, घेणाऱ्यांनी विचारलं नाही, आणि उरलेल्याचा नियम झाला. कुठल्याशा शहरात एका म्हाताऱ्या पालकानं गॅस चालू ठेवला म्हणून आरडाओरडा झाला होता. तेव्हापासून साठीपुढच्या प्रत्येक पालकाला दरवर्षी हा ताणलेख सक्तीचा झाला.

महानंदाला त्या वजाबाकीचा ताण का यावा? तिचे वडील शिवलिंगप्पा भुसारवाले. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे म्हटल्याशिवाय त्यांच्या घरात ताट वाढलं जात नसे. बसूला हे जमणार नाही म्हटल्यावर त्याच्या वाटचंही बापानं तिच्याकडूनच म्हणून घेतलं. तेराच्या पाढ्यानं तिचं काळीज धडधडावं असा दिवस तिच्या सातव्या वर्षानंतर उगवला नव्हता. यंत्र जिथं बनलं तिथं माणसं असली वजाबाकी करताना घामाघूम होत असतील. पण इथं ते बसवताना उदगीरच्या भुसार दुकानात वाढलेली बाई कुणाच्या डोळ्यांपुढं येणार?

*

महानंदाचा मुलगा वीरेश पुण्याहून शनिवारी आला. त्यानं कागद दोनदा वाचला, आईचा हात हातात घेतला आणि लहान मुलीशी बोलावं तसं म्हणाला, "आई, परवा मी तुला फोनवर काय सांगितलं, आठवतंय?"

"तुझ्या हापिसातली बदली. का?"

"काही नाही. सहज."

सहज कसलं! दोन दिवसांत त्यानं तिला मुख्यमंत्र्यांचं नाव विचारलं, वार विचारला, आजीची तिथी विचारली. शेगडीला आपोआप बंद होणारी कळ बसवून घेतली. मदतीला येणाऱ्या बाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, हल्ली मीठ बरोबर पडतं का? ती बाई भांडी घासता घासता घरभर ऐकू जाईल असं म्हणाली, "मीठ बरोबर हाय दादा, मानसंच अळणी झालीत."

महानंदाला हसू आलं खरं, पण मंगळवारी एका डब्यात भाकरी घालायची राहिली. ज्याचा डबा होता त्या मुलाचा फोन आला तेव्हा तिनं टोपलीतल्या भाकऱ्या दोनदा मोजल्या. चाळीस वर्षांत असं चार-सहा वेळा झालं असेल. पूर्वी त्याला गडबड म्हणायचे, आता ते लक्षण झालं होतं. तिच्या छातीत त्या दिवशी जे काही धडधडलं ते बघायला यंत्र मात्र तिथं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिनं पंचविसाचा पाढा सहा वेळा म्हणून पाहिला, उगाच, आपण आहोत ना जागेवर हे बघायला.

"आई, मामासाठी चांगल्या संस्था आहेत," वीरेश फोनवर म्हणाला. "तुझ्यावरचाही भार कमी होईल."

"तुझ्या मामाचा भार झाला म्हणून मी कधी बोलले का तुला?"

"तसं नाही गं. पण यंत्र काय खोटं बोलेल का?"

"मी बोलायलेय का मग खोटं?"

त्यावर त्यानं एका संस्थेचा नंबर सांगायला घेतला. ते तिच्या वर्मी लागलं. पोटचा पोर, तिनं जन्मभर त्याचे आकडे तपासले, आणि तो तिच्याऐवजी एका पडद्यावर विश्वास ठेवतो! तिला संताप आला. त्या संतापाच्या तळाशी भीती होती, आणि तिचाही तिला संताप आला.

*

अपिलाचा अर्ज घेऊन ती जिल्ह्याच्या मेंदूस्वास्थ्य केंद्रात गेली. आरिफानं तिला खुर्ची दिली, दार लोटलं आणि म्हणाली, "मावशी, तुमची सगळी उत्तरं बरोबर होती. मी मनात मोजत होते. मला इतकं भराभर जमंना गेलं."

"मग लिवा की तसं."

"लिवायला जागाच नाही. उत्तरं यंत्र मोजतच नाही. ती फक्त ताण यावा म्हणून. ते बघतंय नाडी किती चढली ते."

महानंदाला नीट कळेना, म्हणून तिनं परत विचारलं, "म्हंजे मी समदं चुकले असते आन् घाबरून थरथरले असते, तर पास?"

"व्हय मावशी."

"आन् बरोबर सांगितलं म्हणून नापास?"

आरिफानं दार नीट लोटलंय ना ते बघितलं. वरच्यांना तिनं दोनदा लिहून पाठवलं होतं. एकदा निवृत्त गणित शिक्षक असाच अडकला होता, एकदा एक सोनार. वरून उत्तर आलं की तंत्रज्ञानं आपलं काम करावं. "मावशी, एक सांगू? पुढच्या वेळी जरा घाबरा. येताना दोन कप कॉफी प्या, तळहातात नखं टोचा. लई जण करायलेत."

"मी घाबरल्याचं सोंग करू?" महानंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "डोकं जाग्यावर असल्याचा पुरावा म्हणून येड्यावानी करू? बाई, तू चांगल्यासाठी सांगायलीस. पण मी त्यांना तोंडानंच सांगते. माणसं हायेत, समजंल."

माणसं आहेत, समजेल. या भरवशावर ती घरी गेली.

*

सुनावणी पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला होती. पाल्याला सोबत आणावं असं पत्रात लिहिलेलं, म्हणून बसू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. समितीचे अध्यक्ष डॉक्टर मुक्कावार मधे, दोन सदस्य दोन्ही बाजूंना. महानंदाच्या बोटाला पुन्हा टोपण, दंडाला पट्टा. पडद्यावर तिची नाडी: चौऱ्याहत्तर.

तिनं सगळं सांगितलं. वडिलांचं दुकान, पाढे, बरोबर आलेली उत्तरं. डॉक्टर मुक्कावार मान हलवत ऐकत होते. माणूस वाईट दिसत नव्हता. चष्मा पुसत ते म्हणाले, "निलंगेबाई, तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. नियमात दुसऱ्या चाचणीची सोय आहे. आपण बघू."

"बघा की. मोठाले गुनाकार घाला पाहिजे तर."

मुक्कावार हसले आणि समोरचा एक कागद उचलून बसूकडे वळले. घसा खाकरून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत त्यांनी वाचलं, "बसवराज शिवलिंगप्पा भुसारवाले यांचा ताबा त्यांच्या भगिनीकडून काढून घेण्यात येत आहे. उद्या सकाळी सहा वाजता संस्थेची गाडी घरी येईल. पुढील वास्तव्य कायमस्वरूपी संस्थेत राहील. भगिनीस महिन्यातून एकदा भेटता येईल."

मग महानंदा उठली. पट्ट्याची नळी ताणली गेली, खुर्ची मागं पडली. "न्हाई!" ती ओरडली. "असं कसं नेताल? त्याला रात्री माझा हात लागतो, त्याचं काळीज जन्मापासून नाजूक हाय, त्याच्या गोळ्या कोन देनार? अर्ज न्हाई, विचारनं न्हाई, मानूस हाय का गाठोडं?" तिच्या कानांत रक्त घणघणत होतं. बसू तिच्याकडे बघत नव्हता. तो मुक्कावारांच्या हातातल्या कागदाकडे बघत होता.

"एकशे एकतीस," डावीकडचे सदस्य पडद्याकडे बघत म्हणाले. "दाबही उत्तम चढला."

"छान!" मुक्कावारांनी कागद उलटा ठेवला. "बसा, बसा निलंगेबाई. पाणी द्या त्यांना. असं काही होणार नाहीये. हा चाचणीचा भाग होता. वैयक्तिक ताण. तुमचा मेंदू ठणठणीत आहे, अभिनंदन!"

महानंदा उभीच राहिली. पाच मिनिटांनी नाडी अठ्ठ्याऐंशीवर उतरली तेव्हा उताराचीही नोंद झाली आणि दाखल्यावर शिक्का बसला. उजवीकडच्या सदस्यांनी तर हसून हात पुढं केला. तिनं तो हात बघितलाच नाही. आरिफा दाराशी उभी होती, ती बसूकडे बघत होती.

"एका वर्षासाठी आहे हा," मुक्कावार म्हणाले. "पुढच्या वर्षी परत यावं लागेल."

*

घरी आल्यावर बसूनं कपाटातून पिशवी काढली. दोन शर्ट, लुंगी, दात घासायचा ब्रश आणि चिठ्ठ्या चिकटवायची खळ भरली.

"बसू, कुठं जायचं न्हाई रे राजा. ते खोटं हुतं."

"कागदावर व्हतं, आक्का."

"त्यो कागद खोटा."

बसूनं तिच्याकडे असं बघितलं की आपणच खोटं बोलतोय असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठून, अंघोळ करून, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसला. सहाची गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही तो तसाच बसला. गाडी उशिरा येते, रद्द झाली तर सांगतात, हे त्याला ठाऊक होतं, आणि रद्द झाल्याचं कुणी वाचून दाखवलं नव्हतं. डब्यांच्या चिठ्ठ्या पडून राहिल्या. तो जेवेना. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "आक्का, मी काय केलतो गं?"

याचं उत्तर कुठल्या पाढ्यात बसतं? महानंदा स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

वीरेश आला तो पेढे घेऊन. "सुटलीस एकदाची! बघ, शेवटी न्याय झालाच की."

"न्याय?" महानंदानं त्याला दंडाला धरून ओट्यावर नेलं. "हे बघ, हा न्याय. माझं डोकं ठीक हाय का बघायला ह्याचं काळीज फोडलं त्यांनी. डाक्टर मानसं! एकानं तरी इचार केला का, की खोलीत आनखी एक जन बसलाय आन् त्याला ऐकू येतंय? ह्याला त्यांनी मानसात धरलंच न्हाई. आन् तुझ्या यंत्राला इच्यार, ह्याची नाडी कुनी लिवली का त्या दिशी?"

वीरेशनं मामाच्या शेजारी बसून पिशवी हातात घ्यायचा प्रयत्न केला. बसूनं ती छातीशी धरली, म्हणाला, "गाडी येणाराय." वीरेशच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. पहिल्यांदाच त्यानं आईला काही विचारलं नाही, काही शिकवलं नाही. पुडा बाजूला ठेवून तो म्हणाला, "आई, चूक झाली माझी. चल, जाऊ आपण तिथं."

*

केंद्रात बाहेरच्या बाकांवर बरीच माणसं बसली होती. साठीपुढची, कुणी नातवाला घेऊन, कुणी बायकोला. काहींच्या हातात कॉफीचे कागदी पेले होते. महानंदा त्यांच्यामधून सरळ आत गेली, बसूला पुढं घालून, मागं वीरेश. मुक्कावार कुणाचा तरी ताणलेख बघत होते.

"निलंगेबाई? तुमचा दाखला तर झाला ना?"

"त्यो ठिवा तुमच्यापाशी," तिनं दाखला मेजावर ठेवला. "मला दुसरं पाहिजे. ह्याला सांगा, की तुम्ही खोटं बोलला."

मुक्कावारांनी चष्मा काढला. "अहो, ती मान्यताप्राप्त कार्यपद्धती आहे. तात्पुरता, नियंत्रित असा मानसिक..."

"साध्या मराठीत सांगा. पाच दिस झाले जेवला न्हाई त्यो. तुमच्या पुस्तकात हायेच की, ताणानं काळीज कसं पळतं न् मेंदूला काय हुतं. ह्याला काळीज न्हाई का?"

"हे बघा, बाहेर पेशंट आहेत. तुम्ही लेखी तक्रार द्या."

"ती मी आधीच दिलीये, सर," दारातून आरिफा म्हणाली. ती दार सोडून हलली नाही. "तिन्ही केसेस लिहून. प्रत बाहेर फलकावर लावली आहे. लोक वाचायलेत."

बाहेरची कुजबुज आता आत ऐकू येत होती. एक म्हातारा बाकावरून उठून दाराशी आला, मग आणखी दोघं आले. मुक्कावारांनी त्यांच्याकडे बघितलं, मग बसूकडे. बसू पिशवी धरून, शर्टाची वरची गुंडी लावून उभा होता. पाच दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. डॉक्टरांच्या कपाळावर घाम दिसू लागला. त्यांची नाडी तेव्हा कुणी मोजली असती तर चांगलीच चढलेली दिसली असती.

"बसवराज," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्या दिवशी मी जे वाचलं ना... ते खरं नव्हतं. तुला कुणीही नेणार नाही."

"त्याच्याकडं बघून," महानंदा म्हणाली.

मुक्कावारांनी मान वर केली. "मी खोटं बोललो."

ज्यानं वाचलं होतं त्यानंच रद्द केलं, हे बसूला पटलं. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, खुर्चीवर नाही, फरशीवर, पायाजवळ. महानंदाला वाटलं आता तो हसेल.

पण बसूला अजून एक विचारायचं होतं. मेजावरचा दाखला, त्यावरचा शिक्का, त्याखाली लिहिलेलं पुढचं वर्ष त्यानं बोटानं दाखवलं.

"मंग तवा परत खोटं बोलनार का?"

मुक्कावारांनी दाखल्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, रुमाल शोधला.

महानंदानं खुर्ची ओढली, बसूला बसवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

"सांगा की," ती म्हणाली. "त्यो इचारायलाय."